बारा दिवसांचा हिशोब

पत्र असं आलं आहे. नाव-गाव काढून टाकलं आहे, बाकी शब्द तिचेच.

“ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. वय २७. दोन मुली आहेत, मोठी सहा वर्षांची, लहान तीन. सासूबाई मुलगा पाहिजे म्हणून मागं लागल्या. मले आता लेकरू नको. मागं तांबी बसवली होती, पण अंगावरून लय जाय, म्हणून चार महिन्यांत काढली. गोळ्या घरात ठेवल्या तर सापडतात, अन् गावच्या आशाताई सासूबाईच्या नात्यातल्या. माझी जाऊ म्हणते की पाळी संपली की पुढचे दहा दिवस मोकळे असतात, काही होत नाही. हे खरं आहे का? दिवस मोजून भागत असेल तर मले तेच पाहिजे, कोणाले समजत नाही. ह्यांना अजून नीट विचारलं नाही. ते ‘पाहू’ म्हणतात. सासूबाई तर म्हणते, सम दिवशी राहिलं की पोरगाच होते. पाळीच्या तारखा कॅलेंडरवरून लिहून पाठवते : ४ जून, २ जुलै, १ ऑगस्ट, २८ ऑगस्ट, २६ सप्टेंबर, २६ ऑक्टोबर.”

पोरी, तारखा पाठवल्यास हे फार चांगलं केलंस. मी नर्स म्हणून खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांत उभं आयुष्य काढलं. “दिवस मोजते” म्हणणाऱ्या कितीतरी बाया भेटल्या, पण तारीख विचारली की “पोळ्याच्या आसपास आली होती” एवढंच सांगता यायचं. तुझ्याकडे सहा तारखा आहेत, त्यामुळे तुझ्याशी नेमकं बोलता येतं.

आधी तुझ्या जावेचं सांगणं. ते चुकीचं आहे, आणि नुसतं चुकीचं नाही, तर बरोबर उलटं आहे. आकडेच मांडते. तुझी पाळी पाच दिवस चालते असं धरू. त्यापुढचे दहा दिवस म्हणजे पाळी आली त्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत. बाईचं बीज सुटतं ते पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी. तुझ्या तारखांमधलं अंतर आहे २८, ३०, २७, २९, ३०. म्हणजे कधी तेराव्या दिवसाच्या आसपास तुझं बीज सुटतं, कधी सोळाव्याच्या, आणि त्यातही एक-दोन दिवस इकडे-तिकडे होतात. जाऊ ज्यांना मोकळे दिवस म्हणते, त्यांतच गर्भ राहायचे सगळ्यांत पक्के दिवस येऊन बसले आहेत.

माझ्याकडे एक बाई तिसऱ्या महिन्यात आली होती. “म्या तं दिवस मोजले होते बाई,” असं म्हणत तिनं पदर तोंडाला लावला. तिनं मोजले होतेच. फक्त पाळी संपल्यापासून मोजले होते. मोजायचं असतं पाळी सुरू होते त्या दिवसापासून, लाल रक्त दिसलं तो पहिला दिवस. या एका चुकीनं किती बायांच्या पदरात नको असताना मूल पडलं असेल, हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं. कारण ही चूक त्यांची नव्हती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हा गैरसमज येतो कुठून, याचाही मी विचार केला आहे. जुन्या धर्मशास्त्रात ऋतुकाल सोळा रात्रींचा सांगितला आहे, त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य. पण त्या रात्री मूल व्हावं म्हणून सांगितल्या होत्या, टाळण्यासाठी नाही. घराघरांतून तो हिशोब अर्धवट उतरत आला आणि त्याचा अर्थच फिरला. सम रात्रीचा मुलगा आणि विषम रात्रीची मुलगी हेही तिथलंच. त्यात तथ्य नाही. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, तारखेवर नाही आणि बाईवर तर मुळीच नाही. सासूबाईंना हे तू सांगू नकोस, तुझ्या तोंडून त्या ऐकणार नाहीत. तुझ्या नवऱ्यानं सांगितलं तर ऐकतील कदाचित.

आता खरी रीत सांगते. बाईचं बीज सुटल्यावर फार तर एक दिवस जगतं. पण पुरुषाचं बीज बाईच्या पोटात पाच दिवसांपर्यंत तग धरून राहू शकतं. म्हणून गर्भ राहण्याचे दिवस महिन्याला सहाच असतात : बीज सुटायच्या आधीचे पाच आणि तो एक. अडचण एवढीच की ते सहा कोणते, हे आधी नक्की सांगता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना जागा सोडून बारा दिवस धरायचे, आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात पुष्कळ बायांच्या पाळ्यांचा हिशोब मांडून ही पद्धत बसवली आहे. ज्या बाईची पाळी २६ ते ३२ दिवसांच्या आत येते तिलाच ती लागू पडते. तुझी येते. पण तू पाठवलेल्या तारखांत पाचच अंतरं आहेत. जुनं कॅलेंडर असेल तर त्याच्या मागचेही दोन-चार महिने बघून घे. वर्षातून दोनदा जरी पाळी २६ च्या आत किंवा ३२ च्या पुढे गेली, तर ही पद्धत त्या बाईसाठी नाही.

यासाठी मण्यांची माळही मिळते, आपल्याकडे तिला मालाचक्र म्हणतात. मिळाली नाही तर घरी ओव. एक लाल मणी, मग सहा काळे, मग बारा पांढरे, मग तेरा काळे. एकूण बत्तीस. पाळी आली त्या दिवशी लाल मण्यावर दोऱ्याची गाठ किंवा रबर सरकवायचं, मग रोज सकाळी एक मणी पुढे. रबर पांढऱ्यावर असेल तोवर जपायचं. रोज सकाळी एकाच वेळी सरकव, दात घासताना म्हण किंवा चूल पेटवताना, म्हणजे “आज सरकवला की नाही” हा घोळ होत नाही. आणि पाळीची तारीख कॅलेंडरवरही लिहून ठेव, दुधाचा हिशोब लिहितो तशी. पोरींनी माळ ओढली तर पुन्हा मोजता यायला हवं.

आणखी एक खूण तुझ्या अंगातच आहे. बीज सुटायच्या दिवसांत अंगावरून जो ओलावा जातो तो बदलतो. आधी कोरडं असतं, मग थोडा चिकटपणा, आणि मग दोन-चार दिवस निसरडा, पारदर्शक, दोन बोटांत धरला तर तार निघेल असा. जवस पाण्यात भिजवल्यावर जो बुळबुळीत पातळ चिकटा सुटतो ना, तसा. ज्या दिवशी तो दिसतो त्या दिवशी पुरुषाचं बीज आत टिकायला सगळी अनुकूलता असते. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच ठिकाणी हे करून पाहिलं होतं, त्यांत आपलं बंगळूरही होतं. पहिल्याच महिन्यात १०० पैकी ९३ बायांना ही खूण ओळखता आली, आणि त्यांत शाळेचं तोंड न पाहिलेल्याही होत्या. तेव्हा “मले काय समजते” असं म्हणू नकोस. रोज लघवीला गेलीस की दोन प्रश्न स्वतःला विचार : आज ओलावा आहे का, काल होता का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तरच मोकळा दिवस धर. मण्यांच्या हिशोबात मोकळा दिवस आहे पण जवसाचा चिकटा दिसतो आहे, तर चिकट्याचं ऐक.

पण इथं मला थांबावं लागतं, कारण आपल्या भागात या खुणेच्या आड एक दुखणं उभं आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली होती, १९८९ साली ते छापून आलं. त्यातल्या ९२ टक्के बायांना अंगावरचं कुठलं ना कुठलं दुखणं निघालं, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मी स्वतः जे पाहिलं तेही याहून वेगळं नव्हतं. “पांढरं जाते” हे बाया इतक्या सहज सांगतात, जसं काही ते बाईच्या जातीला लिहूनच दिलं आहे. दह्यासारखं जाणं, हिरवट-पिवळं किंवा फेसाळ जाणं, घाण वास, खाज, लघवीला जळजळ, ओटीपोट ठणकणं, ही बीज सुटल्याची खूण नव्हे, हा आजार आहे आणि तो औषधानं बरा होतो. पुष्कळदा नवऱ्यालाही सोबत औषध घ्यावं लागतं, नाहीतर पुन्हा उलटतो. तुला असं काही होत असेल तर आधी तपासून घे. दुखणं असताना ओलाव्याची खूण वाचता येत नाही, आणि दिवस मोजण्याची घाई त्या दुखण्यापेक्षा मोठी नाही.

सकाळी उठल्या-उठल्या अंगाचं तापमान मोजायचीही एक रीत आहे, बीज सुटल्यावर ते किंचित वाढतं. ती मी तुला सांगत नाही. शांत झोप झालेल्या, अंथरुणातून न उठता थर्मामीटर लावू शकणाऱ्या बाईची ती रीत आहे. तुझ्यासारखी रात्री लेकरासाठी दोनदा उठणारी आणि पहाटे पाण्याला पळणारी बाई ती कशी करणार?

हे सगळं काटेकोर केलं तरी वर्षभरात १०० पैकी ५ बायांना दिवस राहतात. आणि माणसं जशी करतात तशी, म्हणजे कधी विसरत, कधी “एका दिवसानं काय होते” म्हणत केली, तर १०० पैकी १२ जणींना. तांबीत हा आकडा एकाच्याही आत असतो. बाहेर सोडण्यावर विसंबणाऱ्यांत २० च्या आसपास. मी पद्धतीला नावं ठेवत नाही. पण तुझ्यासारखं ज्या बाईला आता मूल नकोच आहे, तिला हा आकडा माहीत असलाच पाहिजे. बारा पांढऱ्या मण्यांच्या दिवसांत पूर्ण लांब राहणं सगळ्यांत चांगलं. ते जमत नसेल तर निरोध, पण मग प्रत्येक वेळी.

आता तुझ्या पत्रातल्या त्या ओळीकडे येते जिच्यावरून माझी नजर हलत नाही. “ह्यांना अजून नीट विचारलं नाही.”

पोरी, गोळी नवऱ्याला न सांगता घेता येते. इंजेक्शन न सांगता घेता येतं. दिवस मोजण्याची रीत मात्र नवऱ्याच्या होकाराशिवाय चालतच नाही. तू अगदी बरोबर मोजशील, पांढऱ्या मण्यावर रबर असेल, आणि रात्री तो जवळ येईल. तेव्हा तुझं “आज नको” तो मानेल का? याचं उत्तर मला ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे. ही पद्धत तुला लागू आहे की नाही हे तुझ्या पाळीनं ठरवलं, ते जमलं. जमेल की नाही हे तो ठरवणार. तुला वाटतं की यात कुणाला काही समजणार नाही. सासूबाईंना समजलं नाही तरी चालेल, नवऱ्याला समजलंच पाहिजे.

१९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर ही संततिनियमनाचा प्रचार करणारी अमेरिकन बाई गांधीजींना भेटायला आपल्या वर्ध्यात आली होती. गांधीजी साधनांच्या विरोधात होते, संयमच हवा म्हणत होते. पण या मोकळ्या दिवसांच्या रीतीला त्यांचा तेवढा विरोध नव्हता, कारण त्यात निदान काही दिवस तरी संयम पाळावा लागतो. साधनांबद्दलचं त्यांचं म्हणणं मला कधी पटलं नाही, मी जन्मभर निरोध आणि गोळ्या वाटल्या. पण या पद्धतीतलं अवघड काय आहे ते त्यांनी नेमकं ओळखलं होतं. मोजणं सोपं आहे. त्या दिवसांत थांबणं अवघड आहे, आणि थांबायचं असतं ते जास्त करून पुरुषाला.

त्याच्याशी बोल, पण रात्री अंथरुणात हा विषय काढू नकोस. तिथं तुझं बोलणं नकारासारखंच ऐकू जाईल. सीतादहीची पूजा झाली असेल, कापसाची वेचणी सुरू झाली असेल. वावरात दोघंच असाल, भाकर खायला बसाल, तेव्हा बोल. दोन्ही पोरींच्या शिक्षणाचं बोल, कापसाच्या भावाचं बोल, तुझ्या अंगावरून गेलं तेव्हा किती अशक्तपणा आला होता ते बोल. मग माळ दाखव आणि त्याच्याच हातात दे, मणी सरकवायचं काम त्याला दे. माझ्या अनुभवात ज्या घरात पुरुषानं मणी सरकवला त्या घरात ही पद्धत टिकली. श्रावणभर कडक पाळणारे, शेगावला पायी जाणारे पुरुष आपल्याकडे घरोघरी आहेत. महिन्यातले बारा दिवस त्यांना जड नाहीत, कुणी मागितलेले नाहीत एवढंच.

आणि बोलून झाल्यावर तो पुन्हा “पाहू” म्हणाला, किंवा आईच्या बाजूनं गेला, किंवा तो पिऊन येतो आणि तुझं नको म्हणणं चालत नाही असं असेल, तर दिवस मोजण्याच्या भरवशावर राहू नकोस. हे मी कळकळीनं सांगते. मग सरकारी दवाखान्यातली ‘अंतरा’ सुई घे, तीन महिन्यांतून एकदा, फुकट मिळते. तिनं पाळी पुढे-मागे होते, काही महिन्यांनी बंदही होऊ शकते, त्यात धोका नसतो. पण तुमच्या घरात पाळीत बाहेर बसायची रीत असेल तर सासूबाईंच्या ध्यानात येईल, हे आधीच लक्षात घे. किंवा ‘छाया’ गोळी घे. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदाच असते. त्यात हार्मोन नसतात, आणि रोजच्या पाकिटापेक्षा एक गोळी सांभाळणं सोपं. गावच्या आशाताईंकडूनच घेतली पाहिजे असं कुठं आहे? आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलीस की तिथल्या दवाखान्यात माग. गाव कोणतं म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही.

चुकून पांढऱ्या मण्याच्या दिवशी संबंध आला तर ७२ तासांच्या आत घ्यायची एक गोळी मिळते, जितकी लवकर तितकी चांगली. ती दर महिन्याची नव्हे. शिवाय तिनं पाळीची तारीख हलते, म्हणून त्या महिन्यात तुझी माळ खोटं बोलेल. पुढच्या पाळीपर्यंत लांब राहा किंवा निरोध वापर. ३२ मणी संपूनही पाळी आली नाही तर आठवडाभर वाट पाहून ‘निश्चय’ किटनं लघवी तपास. राहिलंच आणि नको असेल, तर साधन किंवा पद्धत फसल्यामुळे राहिलेला गर्भ काढून घेणं आपल्या कायद्यात बसतं. तुझ्यासारख्या सज्ञान बाईला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही. मात्र मेडिकलमधून स्वतःच्या मनानं गोळ्या आणून खाऊ नकोस. रक्त वाहून पांढरीफटक पडलेल्या बाया मी गाडीत घालून नेल्या आहेत.

अजून एक, फक्त विदर्भातल्या बाईलाच मी हे विचारते. तुमची दोघांची सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्तातल्या आजाराची, तपासणी झाली आहे का? नसेल तर करून घ्या. तुला स्वतःला तो आजार असेल तर नको असताना दिवस राहणं तुझ्या जिवावर बेतू शकतं, मग मोजण्यापेक्षा पक्कं साधनच घे.

ज्यांचं बाळ लहान आहे आणि पाळी अजून आली नाही, ज्यांची पाळी कधी चोवीस तर कधी चाळीस दिवसांनी येते, त्यांनी हे वाचून माळ ओवायला बसू नये. ती तुमच्यासाठी नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ निव्वळ अंगावर पीत असेल, वरचं पाणीसुद्धा देत नसाल आणि पाळी आली नसेल, तर तेवढ्या काळात अंगावर पाजण्यानंच १०० पैकी ९८ जणी सुटतात. यातली एक अट मोडली की लगेच दुसरं साधन घ्या. आणि नवरा पुण्याला किंवा सुरतेला कामाला असून दोन महिन्यांनी चार दिवसांसाठी येतो, अशांना मी निरोधच सांगेन. तो येईल ते चार दिवस कोणत्या मण्याचे असतील हे कुणाच्या हातात नसतं.

तुझा हिशोब मी मांडून ठेवला आहे. २६ ऑक्टोबर हा तुझा पहिला दिवस. आठवा दिवस २ नोव्हेंबरला येतो आणि एकोणिसावा १३ नोव्हेंबरला. हे दोन्ही दिवस धरून बारा दिवस जपायचे. पुढची पाळी २१ ते २७ नोव्हेंबरच्या मध्ये यायला हवी. त्याच्या आधी किंवा नंतर आली तर ती तारीख मला कळव.

बोलणं २ तारखेच्या आत कर.